मागे येतो म्हणजे झेपतं असं नाही

पाऊस ओसरला आणि सह्याद्रीतल्या वाटा वाळल्या की मुंबईच्या उपनगरांत ट्रेकचा हंगाम सुरू होतो. शनिवारी रात्री उशिराची कसारा लोकल पकडणारी मंडळी जुनीच आहेत. अलीकडे त्यांच्या जोडीला आणखी एक वर्ग आला आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरहून पहाटे गाडी काढायची, मागच्या सीटवर जुनी चादर टाकायची आणि कुत्र्याला घेऊन एखाद्या गडाचा पायथा गाठायचा. कुत्रा तरणाताठा असेपर्यंत यात फारसं बिघडत नाही. पण कुत्र्याचं वय माणसापेक्षा भराभर पुढे सरकतं. मालक चाळिशीत असतो, त्याचे गुडघे शाबूत असतात, रविवार येतच राहतात आणि कुत्रा मात्र दहा वर्षांचा झालेला असतो. आता त्याला न्यायचं की घरी ठेवायचं? बहुतेक घरांत याचं उत्तर कुत्र्याकडूनच घेतलं जातं. खुंटीवरचा पट्टा काढला की तो उठतो, शेपूट हलवतो, दाराशी जाऊन उभा राहतो. यावरून दोन निष्कर्ष निघतात: त्याला यायचं आहे, आणि त्याला झेपणार आहे. पहिला बरोबर असतो. दुसऱ्याला शेपटीखेरीज कसलाच पुरावा नसतो, आणि म्हाताऱ्या कुत्र्याचे हाल होतात ते त्या दुसऱ्या निष्कर्षापायी.

हा प्रश्न येत्या काही वर्षांत वाढणार आहे. 2020 आणि 2021च्या टाळेबंदीत उपनगरांतल्या कितीतरी फ्लॅटमध्ये पिल्लं आली. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, बीगल, शिट्झू, शिवाय रस्त्यावरून उचलून आणलेली देशी. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय रुग्णालयांच्या संघटनेनं घालून दिलेल्या निकषानुसार कुत्र्याच्या अपेक्षित आयुष्याचा शेवटचा चतुर्थांश म्हणजे त्याचं म्हातारपण. लॅब्रेडॉर साधारण अकरा-बारा वर्षं जगतो, म्हणजे साडेआठ-नऊ वर्षांचा झाला की तो ज्येष्ठ नागरिक. ग्रेट डेनसारख्या धिप्पाड जातींना ही पायरी सहाव्या-सातव्या वर्षीच लागते, छोट्या शिट्झूला दहाव्या-अकराव्या. टाळेबंदीतला लॅब्रेडॉर 2029च्या आसपास म्हातारा होईल. तोवर त्याच्या मालकाच्या फोनमध्ये दोघांचे गडावरचे फोटो भरपूर साठलेले असतील आणि सवय मोडणं दोघांनाही जड जाईल.

म्हाताऱ्या कुत्र्याचा आणि डोंगराचा विषय निघाला की आपल्याकडे युधिष्ठिराचा कुत्रा हटकून निघतो. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडली, भाऊ पडले, कुत्रा मात्र शेवटपर्यंत मागे येत राहिला. रायगडावरच्या वाघ्याची गोष्टही त्याच घराण्यातली. तिच्या ऐतिहासिकतेवर वाद आहेत, 2012मध्ये त्याचा पुतळा हटवला गेला आणि पुन्हा बसवलाही गेला, पण लोकांच्या मनातला वाघ्या जागचा हलला नाही. या गोष्टींत कुत्र्याचं प्रेम मोजलं जातं ते तो किती लांबवर मागे आला यावरून. महाभारतातला कुत्रा मात्र कुणी पट्टा लावून हिमालयात नेलेला नव्हता आणि तो स्वतः धर्म होता. धर्माला संधिवात होत नाही. मालाडच्या सातव्या मजल्यावर राहणाऱ्या दहा वर्षांच्या लॅब्रेडॉरला होतो. मागे येणं हा कुत्र्याचा हजारो पिढ्यांचा स्वभाव आहे. माणसाच्या मागे राहणाऱ्याला अन्न मिळालं, मागे न राहणारा लांडगाच राहिला. तेव्हा तो मागे येतो यातून त्याचा जीव तुमच्यावर आहे एवढंच सिद्ध होतं. त्याच्या खुब्याच्या सांध्यांची हालत त्यातून कळत नाही.

ती कळते दुसऱ्या खुणांवरून, आणि त्या घरातच दिसतात. झोपेतून उठताना तो आधी पुढचे पाय रोवतो आणि मागचा भाग दोन हप्त्यांत उचलतो. चालताना मागच्या पंजांची नखं फरशीवर खर्र वाजतात; पंजा उलटून बघितला तर मधल्या दोन नखांची टोकं घासून बोथट झालेली दिसतात, कारण पाय पुरता उचलला जात नाही. धावायला लागला तर मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतो. सोफ्यावर चढायचं त्यानं सोडून दिलेलं असतं आणि घरच्यांनी त्याचा अर्थ ‘शहाणा झाला’ असा लावलेला असतो. मनगटाजवळची एकच जागा तो रोज चाटत बसतो. कुत्रा दुखण्याची तक्रार करत नाही. कण्हणं फार शेवटी येतं. आणि बाहेर जायचं म्हटलं की उत्तेजनेत दुखणं तात्पुरतं मागे पडतं, हे तर कुठल्याही खेळाडूला ठाऊक आहे. बिल सोमवारी येतं. रविवारी गडावर मजेत बागडलेला कुत्रा सोमवारी सकाळी पाण्याच्या भांड्यापर्यंत जायला तयार होत नाही, आणि घरचे म्हणतात, दमलाय बिचारा.

सह्याद्री या बाबतीत विशेष फसवा आहे. चढताना कुत्रा वरचढ वाटतो, कारण त्याला चार पाय आहेत. खरी परीक्षा उतरणीवर होते. सपाटीवर उभ्या कुत्र्याच्या वजनाचा साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो. उतरणीला तो आणखी पुढे सरकतो आणि खांदे, कोपर, मनगटं यांच्यावर येतो. त्यात आपल्याकडची वाट म्हणजे घसाऱ्याची मुरूममाती, मध्येच कातळात खोदलेल्या गुडघाभर उंचीच्या पायऱ्या आणि त्याही झिजलेल्या. माणूस तिथे बसून, हात टेकून उतरतो. कुत्र्याला ती सोय नाही, त्याला उडीच मारावी लागते. तीस किलोचा कुत्रा अर्ध्या वाटेत बसला तर त्याला एकट्यानं उचलून खाली आणणं जवळजवळ अशक्य. झोळी करून चौघांनी आणावं लागतं. सोबतच्या प्रथमोपचाराच्या पेटीतली माणसांची वेदनाशामकं त्याला देता येत नाहीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. (डायक्लोफेनॅकनं भारतातली गिधाडं संपत आणली आणि 2006मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तेच औषध ट्रेकरच्या खिशात अजून बिनदिक्कत असतं.)

इतकं वाचल्यावर सरळ सल्ला सुचतो: मग राहू दे की घरात, म्हाताऱ्याला आरामच हवा. घराघरांतली वडीलधारी मंडळी हेच म्हणतात. मात्र हा सल्ला पहिल्या चुकीपेक्षा मोठी चूक आहे आणि त्याविरुद्धचा पुरावा चांगला आहे. अमेरिकेत ‘डॉग एजिंग प्रोजेक्ट’ नावाचा मोठा प्रकल्प चालू आहे. त्यातल्या पंधरा हजारांवर कुत्र्यांच्या माहितीवरचा अभ्यास 2022मध्ये प्रसिद्ध झाला. वय, जात, इतर आजार असे सगळे फरक जमेस धरूनही असं दिसलं की हालचाल नसलेल्या कुत्र्यांत स्मृतिभ्रंशासारख्या विकाराची शक्यता भरपूर हालचाल असलेल्यांच्या साडेसहापट आहे. शंकेखोर वाचक इथे अडवेल, आणि त्यानं अडवावंच: बसून राहिल्यामुळे डोकं बिघडलं की डोकं बिघडल्यामुळे बसून राहिला? अभ्यास एका वेळच्या माहितीवरचा असल्यानं हा गुंता त्यातून सुटत नाही. पण दोन्ही दिशांनी विचार केला तरी फिरायला न नेण्याच्या बाजूनं त्यात काहीच निघत नाही. हा विकार दुर्मीळही नाही. कॅलिफोर्नियातल्या 2001च्या एका अभ्यासात अकरा-बारा वर्षांच्या 28 टक्के कुत्र्यांत आणि पंधरा-सोळा वर्षांच्या 68 टक्के कुत्र्यांत त्याचं किमान एक लक्षण सापडलं: ओळखीच्या घरात वाट चुकणं, रात्री जागून येरझारा घालणं, घरातल्या माणसांशी वागणं बदलणं, शिकलेल्या सवयी विसरणं.

वजनाचा पुरावा तर याहून पक्का आहे, कारण तो चौदा वर्षं चालवलेल्या प्रत्यक्ष प्रयोगाचा आहे. 48 लॅब्रेडॉर पिल्लं घेतली, भावंडांच्या जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न दिलं. 2002मध्ये निकाल छापून आला. भरपेट खाणाऱ्यांचं मध्यमान आयुष्य 11.2 वर्षं, कमी खाणाऱ्यांचं 13 वर्षं, आणि संधिवात कमी खाणाऱ्यांना बराच उशिरा गाठतो. घरी बसवलेला म्हातारा कुत्रा जाड होतो, जाडीनं सांधे दुखतात, सांधे दुखतात म्हणून तो आणखी बसतो. उपनगरांतल्या फ्लॅटमध्ये या चक्राला आजीच्या हातची तूप लावलेली पोळी आणि प्रत्येक चहाबरोबरचं ग्लुकोजचं बिस्कीट मिळतं. ते प्रेमानं दिलेलं असतं, म्हणूनच बंद करायला कुणी धजत नाही.

म्हणजे न्यायचं तर आहेच. मग कुठे आणि कसं, हे ठरवायला आधी विचारावं लागतं की बाहेर जाण्यातून कुत्र्याला नेमकं काय मिळतं. आपल्याला मिळतं ते त्याला मिळत नाही. शिखर, बुरूज, ढगांचा समुद्र, सूर्योदय यांतलं काहीच त्याच्या खिजगणतीत नसतं. त्याला वास मिळतात. 2019मध्ये शार्लोट ड्यूरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी एक छोटा प्रयोग केला. वीस पाळीव कुत्र्यांपैकी काहींना दोन आठवडे नाकानं शोधण्याचं काम दिलं आणि काहींना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचं. नंतरच्या चाचणीत हुंगणारी कुत्री अनोळखी गोष्टीकडे अधिक आशेनं गेली. शिस्तीत चालणाऱ्यांत तसा बदल दिसला नाही. कुत्री वीसच होती, त्यावर इमला रचू नये. तरी म्हातारपणाचा विचार करता यात एक मोठी सोय दडलेली आहे. मोतीबिंदूनं नजर जाते, कान जातात, पाय जातात. नाक बहुधा शेवटपर्यंत साथ देतं. अर्ध्या तासात दोनशे मीटर चाललेला आणि वाटेतला प्रत्येक खांब, प्रत्येक झाडाचं बूड नीट वाचून आलेला म्हातारा कुत्रा आपल्या दृष्टीनं कुठेच गेलेला नसतो. त्याच्या दृष्टीनं तो भरपूर फिरून आलेला असतो.

अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेक 1960मध्ये अमेरिका पालथी घालायला निघाला तेव्हा त्याच्यासोबत चार्ली नावाचा दहा वर्षांचा पूडल होता. दोन वर्षांनी त्यावरचं पुस्तक आलं आणि ते कुत्र्यासोबतच्या प्रवासाचा आदर्श म्हणून अजून वाचलं जातं. चार्लीला त्या प्रवासात लघवीचा त्रास झाला, त्यासाठी थांबावं लागलं, पशुवैद्य शोधावे लागले, आखलेलं वेळापत्रक मोडलं. पुस्तकाचे चाहते हा भाग विसरतात. माझ्या मते त्यातला अनुकरण करण्यासारखा भाग तोच आहे.

आता आपल्या हवेबद्दल. कुत्र्याला घाम जवळपास येतच नाही. पंजांच्या गाद्यांमध्ये थोड्या घामग्रंथी असतात तेवढ्याच. अंगातली उष्णता तो धापा टाकून, जिभेवरचं पाणी वाफवून बाहेर टाकतो. हवेतच बाष्प ठासून भरलेलं असेल तर हे यंत्र अडखळतं, आणि मुंबईची हवा वर्षातले बरेच महिने तशीच असते. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या नोंदींवरून 2020मध्ये निघालेले निष्कर्ष आपल्या डोळ्यांत अंजन घालणारे आहेत. उष्माघातानं आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बंद मोटारीत अडकलेली नव्हती. ती चालण्या-धावण्यानं तापली होती. 2016मधल्या अशा रुग्णांत दर सातांमागे एक दगावला, आणि बारा वर्षांवरच्या कुत्र्यांना धोका अधिक होता. ही गत लंडनच्या उन्हाळ्यात होत असेल तर ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी बारा वाजता उघड्या पठारावर काय होईल याला वेगळं संशोधन नको. म्हाताऱ्या लॅब्रेडॉरमध्ये आणखी एक भानगड असते. घशातल्या स्वरयंत्राचे पडदे श्वास घेताना पुरते उघडत नाहीत. भुंकणं बसल्या आवाजात येऊ लागतं, श्वास आत ओढताना करवतीसारखा खरखरतो. घरचे त्याला घोरणं म्हणतात. असा कुत्रा ट्रेकला नेणं धोक्याचं आहे. आधी पशुवैद्याकडे न्यावं. पग आणि बुलडॉग यांचं तर नाकच जन्मतः चेपलेलं, त्यांनी तरुणपणीही डोंगराच्या वाटेला जाऊ नये.

बोरिवली आणि मुलुंडच्या लोकांची एक खास तक्रार आहे, ती ऐकून घेण्यासारखी आहे. घराच्या मागेच सुमारे 103 चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, डेरेदार सावली, कान्हेरीपर्यंत सरळ डांबरी रस्ता. म्हाताऱ्या कुत्र्याला यापेक्षा चांगलं काय हवं? आणि नेमकं तिथंच कुत्र्याला प्रवेश नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन शेकडो पर्यटक आत जातात, पट्ट्यातला शांत म्हातारा बीगल मात्र दारातून परत. हा अन्याय वाटतो, पण बंदी योग्य आहे. या जंगलात आणि भोवतालच्या वस्तीत बिबटे राहतात. 2015च्या गणनेत पस्तीस मोजले गेले. 2018मधल्या एका शोधनिबंधानुसार या बिबट्यांच्या आहारात सुमारे चाळीस टक्के वाटा कुत्र्यांचा, वर्षाला अंदाजे दीड हजार कुत्री. कुत्रा या जंगलात पाहुणा म्हणून जाऊच शकत नाही, त्याची नोंद ताटात होते. आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो. म्हातारा, अर्धबहिरा, मागे रेंगाळणारा कुत्रा तर बिबट्यानं मागवून घेतल्यासारखा. आरेच्या अंतर्गत रस्त्यांवर पहाटे आणि तिन्हीसांजेला फिरणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं; 2021मध्ये तिथे माणसांवर लागोपाठ हल्ले झाले होते.

याची दुसरी बाजू रोगांची. कुत्र्यांमधून पसरणाऱ्या डिस्टेंपरच्या विषाणूनं 1994मध्ये टांझानियाच्या सेरेंगेटीत सुमारे हजार सिंह मेले, तिथल्या सिंहांचा जवळजवळ तिसरा हिस्सा. 2018मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह गेले तेव्हाही हा विषाणू सापडला. ‘माझ्या कुत्र्याचं लसीकरण झालंय’ हे उत्तर प्रामाणिक असतं, पण दारावरचा वनरक्षक प्रत्येक कुत्र्याची लसींची वही तपासू शकत नाही आणि एकाला सोडलं की दहा येतात. हीच गोष्ट गडांची. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई हे एका अभयारण्यात आहेत, कर्नाळा दुसऱ्या, माहुलीचा डोंगर तानसा अभयारण्यात. भारतातल्या कुत्र्यांच्या वन्यजीवांवरच्या हल्ल्यांचा आढावा घेणाऱ्या 2018च्या अभ्यासात ऐंशी प्रजातींची नोंद आहे आणि त्यांतल्या एकतीस धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीतल्या आहेत. ते हल्ले मुख्यतः मोकाट कुत्र्यांचे, हे खरं. मात्र ‘इथे माणूस नाही, सोडू या जरा मोकळं’ असं म्हणून पट्टा सोडला की त्या क्षणी तुमचाही मोकाटच.

गडावरच्या गावठी कुत्र्यांचं उदाहरण हमखास दिलं जातं. राजमाचीला जा, हरिश्चंद्रगडाला जा, वाडीतला एखादा कुत्रा पायथ्यापासून सोबत येतो, बिस्किटाच्या आशेवर गडमाथा दाखवून परत आणतो, आणि तोही काही कोवळा नसतो. मग आमचाच का नको? कारण आपल्याला दिसतात ती टिकलेली कुत्री. त्या वाडीत जन्मलेल्या पिल्लांतली बरीच वर्ष संपायच्या आत जातात. ज्यांचे सांधे, फुप्फुसं, पंजे त्या कातळाला पुरले तीच म्हातारी होतात. शिवाय ती रोज चढतात, अंगानं सडसडीत असतात आणि मन नसलं तर अर्ध्या वाटेतून मागे फिरतात, कुणी त्यांना हाक मारत नाही. पाच दिवस सोळाशे चौरस फुटांत राहून सहाव्या दिवशी हजार मीटर चढणारा कुत्रा वेगळा.

बाबागाडी आणि पाठीवरच्या पिशव्या हा आणखी एक तोडगा. लोखंडवालाच्या फुटपाथवर बाबागाडीतला शिट्झू दिसला की लोक हसतात. हसू द्यावं. सपाटीवर नेण्यासाठी ती उत्तम सोय आहे: थोडं चालवावं, दमला की बसवावं, पुढच्या वळणावर पुन्हा उतरवावं. त्यामुळे अंतर माणसाचं आणि चाल कुत्र्याची असा मेळ बसतो. पाठीवर घेऊन गड चढणं मात्र मला पटत नाही. त्यात कुत्र्याला वास मिळत नाही, सावली मिळत नाही, हलायला जागा मिळत नाही. मिळतो तो माथ्यावरचा फोटो, आणि तो त्याला नको असतो. ‘शेवटचा एकदा त्याच्या आवडत्या गडावर’ ही कल्पना तशीच. आयुष्याच्या अखेरीला आवडीच्या जागी जाणं ही माणसाची इच्छा आहे. माणसाला अखेर जवळ आलेली कळते. कुत्र्याला ते वेळापत्रक ठाऊक नसतं, त्याला आजची सकाळ बरी गेली की पुरे. हा युक्तिवाद कठोर वाटेल, कारण त्या फोटोमागचं दुःख खरं असतं. पण ते दुःख मालकाचं, आणि ते वाहण्याचं काम कुत्र्याच्या दुखऱ्या कंबरेवर टाकू नये.

प्रवास मात्र करावा, खुशाल करावा, आणि दिवाळीत तर कित्येकांना तो करावाच लागतो. म्हाताऱ्या कुत्र्यांपैकी काही बहिरी झाल्यामुळे फटाक्यांतून सुटतात, काहींचं घाबरणं उलट वाढतं. लक्ष्मीपूजनाच्या आसपासचे चार दिवस मुंबईबाहेर शांत ठिकाणी काढणं हा त्यांच्यासाठी औषधोपचारच. कसं जायचं याचे पर्याय थोडे आहेत. रेल्वेत कुत्र्याला मालकासोबत न्यायचं तर वातानुकूलित प्रथम वर्गातला अख्खा कुपे किंवा केबिन हाती लागायला हवी. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. ती पेटी म्हाताऱ्या कुत्र्यासाठी नाही. अंधार, धडधड, अनोळखी वास आणि मालक नजरेआड, यातून गोंधळलेला जीव आणखी गोंधळतो. विमानात अकासानं नोव्हेंबर 2022पासून प्रवासी कक्षात प्राणी नेऊ दिले, पण तेव्हाची मर्यादा पिंजऱ्यासकट सात किलो. म्हणजे पोमेरेनियन आत, लॅब्रेडॉर मालाच्या कप्प्यात. गुंगीचं औषध देऊन विमानात चढवणं तर पशुवैद्य नकोच म्हणतात. उरते स्वतःची गाडी. दर दोन तासांनी उतरवायचं, चढा-उतरायला फळी किंवा पायरी ठेवायची, सीटच्या खालच्या खड्ड्यात उशी भरायची. 2020पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो जाते, त्यामुळे अलिबागचा रस्त्यावरचा दगदगीचा टप्पा वाचतो. माथेरानची तांबड्या मातीची, झाडीतली वाट पायाला मऊ. तिथे मोटारी नाहीत, पण माकडं आहेत आणि घोडे आहेत, तेव्हा पट्टा हातात.

उपनगरातल्या उपनगरातही जागा शोधता येतात. पश्चिमेला वर्सोवा, जुहू, गोराई. भरतीची कोरडी भुसभुशीत वाळू दुखऱ्या सांध्यांना वाईट; ओहोटीच्या वेळी पाण्याकाठची ओली, घट्ट वाळू चांगली. म्हणून निघण्याआधी घड्याळाबरोबर भरती-ओहोटीचं कोष्टक बघावं आणि घरी आल्यावर पंजे गोड्या पाण्यानं धुवावेत. घाटकोपर-मुलुंडकरांच्या वाट्याला समुद्र आलाच नाही, खाडी आली, आणि खाडीकाठी चिखल आणि तिवरं. त्यांनी रहदारी जागी होण्याआधीच्या कॉलनीतल्या गल्ल्या वापराव्यात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा सतरा-अठरा अंशांवर असतो, तेव्हा ती वेळ तरी आपल्या बाजूनं असते. पावसाळ्यात मात्र साचलेल्या पाण्यातून नेऊ नये. 26 जुलै 2005च्या पुरानंतर लेप्टोनं (लेप्टोस्पायरोसिस) मुंबईत किती माणसं नेली हे विसरण्यासारखं नाही, आणि कुत्र्यालाही तो रोग होतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जड आहे. ज्या शहरात दरमाणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटर आहे, जिथे म्हाताऱ्या माणसांना फुटपाथ मिळत नाही, तिथे म्हाताऱ्या कुत्र्याच्या फिरण्याची चिंता म्हणजे भरल्या पोटाचे चोचले. यात तथ्य आहे आणि ते नाकारू नये. पण म्हाताऱ्या कुत्र्याला काय लागतं ते बघा: सलग, न उखडलेला फुटपाथ, चालू लिफ्ट, थोडी सावली, दर दोनशे पावलांवर टेकायला जागा, गाड्यांची भीती नसलेला अर्धा तास. मुलुंडच्या जुन्या चार मजली इमारतीतल्या पंचाहत्तर वर्षांच्या आजींची यादी याहून वेगळी नाही. दोघांत भांडण लावण्यापेक्षा मागणी एकत्र करणं सोपं. सोसायट्यांपुरतं बोलायचं तर भारतीय पशुकल्याण मंडळानं 2015मध्येच स्पष्ट केलं आहे की पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारता येत नाही. तरीही ‘कुत्र्यांनी जिना वापरावा’ अशा पाट्या लिफ्टशेजारी अजून लटकतात. तरुण कुत्र्याला तो नुसता अपमान, म्हाताऱ्याला रोजचा छळ. कुत्रेवाल्यांनीही आपली बाजू स्वच्छ ठेवावी. रस्त्यावरची घाण न उचलल्यास पालिकेचा पाचशे रुपयांचा दंड आहे, आणि आपल्याबद्दलचा राग मुख्यतः तिथूनच येतो.

पालिकेकडे मागण्यासारखी एक गोष्ट स्वस्त आहे. उद्यानांचे दरवाजे कुत्र्यांना सरसकट बंद ठेवण्याऐवजी प्रत्येक विभागातलं एखादं मैदान पहाटे दोन तास, पट्ट्यासह, परवाना आणि लसीकरण दाखवणाऱ्यांना खुलं करावं. त्याला नवी जमीन लागत नाही, एक फलक आणि एक रखवालदार लागतो. नगरसेवकाकडे दहा अर्ज गेले तर विषय निदान पटलावर येईल. तोवर हंगामाच्या तोंडावर वाचकांना विनंती एवढीच: आठ वर्षांवरच्या कुत्र्याचे सांधे, हृदय, मूत्रपिंडं आणि श्वास नोव्हेंबर संपायच्या आत तपासून घ्या, लेप्टोची लस आणि गोचिडांचं औषध वेळेवर झालंय का ते बघा, आणि पुढचा रविवार ठरवताना पशुवैद्य काय म्हणतात ते ऐका, शेपूट काय म्हणते ते नको. गडावर तुम्ही जरूर जा. जाण्याआधी त्याला अर्धा तास खाली नेऊन, त्याच्या चालीनं, हवं ते हुंगू द्या.